मोजून घे

श्रावणातला शनिवार, संध्याकाळचे सात, बाहेर भुरभुर पाऊस आणि दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं. सरांनी दोन बिजागऱ्या, एक कडीकोयंडा, पाव किलो खिळे आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेतला. बिल झालं 1,840 रुपये. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन स्कॅन केलं, आकडे एकेक करून दाबले आणि हिरवी खूण आलेला पडदा माझ्यासमोर धरला. पैसे जमा झाले की बोलणारा काउंटरवरचा बॉक्स मात्र गप्प. मी म्हटलं, "सर, एक मिनिट, आवाज येऊ दे." ते म्हणाले, "अरे गेले की, हे बघ ना." मी बघितलं. आमच्या दुकानाचं नाव होतं, रक्कम होती, वेळ होती. तरी पिशवीवरचा हात मी काढला नाही. माझ्या फोनवर बँकेचं ॲप उघडलं, तर ते नुसतं गोल फिरत राहिलं. मागचं गिऱ्हाईक पुढं आलं, त्याचे स्क्रू घेऊन गेलं. सर बाजूला सरकून उभे राहिले, रुमालानं फोनवरचे पावसाचे थेंब पुसत. अकरा मिनिटांनी बॉक्स बोलला. सरांनी पिशवी उचलली आणि निघताना एवढंच म्हणाले, "तुझ्या वडिलांनी मला कधी थांबवलं नव्हतं."

आठवीत मला गणित शिकवलेला माणूस. त्यांच्या घराच्या दारा-खिडक्यांना लागलेली एकूण एक कडी आमच्या दुकानातून गेलेली. त्यांच्यावर संशय घ्यावा असं स्वप्नातही आलं नसतं. तरी मी त्यांना थांबवलं, चार लोकांत थांबवलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा थांबवेन हेही मला तेव्हाच कळत होतं. त्या रात्री जेवताना घास तोंडात फिरत राहिला. बायकोनं विचारलं काय झालं, तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पैसे आले होते. माल गेला होता. रोकड जुळली होती.

आमचं दुकान सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला. हार्डवेअर आणि रंग. आजोबा आधी गुळाच्या अडतीवर गुमास्ते होते आणि नंतर हे दुकान काढलं. काउंटरवर एक काळा दगडी ठोकळा आहे, हाताच्या पंजाएवढा, वरून गुळगुळीत झालेला. आता त्याच्याखाली बिलं दाबून ठेवतो, पंख्यानं उडू नयेत म्हणून. हा ठोकळा अडतीवरचा. चांदीचे रुपये चालायचे तेव्हा आलेला प्रत्येक रुपया आजोबा ह्या दगडावर टाकून वाजवून घ्यायचे. खरा रुपया खणकन वाजायचा, आवाज थोडा वेळ हवेत राहायचा. खोटा बद्द वाजायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगतात की आजोबा सावकाराचा रुपयाही वाजवायचे, शेतकऱ्याचाही, आणि घरातून मोड करायला आणलेला आजीचा रुपयाही. कुणी रागावल्याचं आप्पांनी ऐकलेलं नाही. रुपया वाजवायचाच असतो, माणूस वाजवत नाहीत.

आजोबांचं एक वाक्य आप्पांच्या तोंडी अजून असतं. भीड भिकेची बहीण.

लहानपणी हे वाक्य मला उधारीपुरतंच माहीत होतं. मागायला लाजलास तर दुकान बसेल, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा खरा अर्थ कळायला मला 2023 ची दिवाळी यावी लागली, आणि तो कळायला 2,74,500 रुपये पडले.

आम्ही कुलुपं अलीगढहून मागवतो. तिथल्या शेठजींशी आप्पांचा व्यवहार तीस वर्षांपेक्षा जुना. पूर्वी चेक जायचा, मग ड्राफ्ट, आता आरटीजीएस. दिवाळीच्या आधी माल उचलला होता, त्याचं पेमेंट द्यायचं होतं. त्यांची ईमेल आली. जुन्याच ईमेलच्या खाली, त्याच साखळीत. बिल नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, लेटरहेड तेच, खाली मुनीमजींचं नाव. फक्त एवढंच जास्त लिहिलेलं की आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, ह्या वेळेपुरतं दुसऱ्या खात्यावर पाठवा. आणि शेवटी, शेठजींची तब्येत बरी नाही, त्यामुळे फोनवर त्रास देऊ नये ही विनंती.

मी दोनदा फोन हातात घेतला होता. हे मला आजही स्पष्ट आठवतं, कारण तिथंच सगळं ठरलं. नंबर लावायचा आणि म्हणायचं, शेठजी, खातं बदललंय म्हणे, खरं का? पण वाटलं, ते काय म्हणतील? तीस वर्षांत आमच्याकडून कधी पेमेंट उशिरा गेलं नाही, आणि आता हा पोरगा आजारी माणसाला खातं खरं की खोटं विचारतोय. पैसे लांबवायला कारण शोधतोय असंही वाटेल. मी फोन खाली ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी खातं जोडलं, पैसे सोडले, आणि देणं फिटलं म्हणून हलकं वाटलं. मंगळवारी अलीगढहून मुनीमजींचा फोन आला, "भाईसाब, पेमेंट कब तक?" मी म्हटलं, शेठजींची तब्येत कशी आहे? ते म्हणाले, एकदम ठीक, समोरच बसलेत.

कानात रक्त वाजतं म्हणतात ना, ते मी तेव्हा अनुभवलं. नंतर ती ईमेल अक्षर अक्षर तपासली. पत्त्यात जिथं इंग्रजी 'एम' हवा होता तिथं 'आर' आणि 'एन' एकमेकांना चिकटून बसले होते. दोन अक्षरं जवळ आली की तिसऱ्यासारखी दिसतात, आणि त्या फटीतून पावणेतीन लाख गेले. कुणीतरी कितीतरी दिवस त्यांचा किंवा आमचा पत्रव्यवहार वाचत बसला असणार, बिल निघायची वाट बघत. कुलूप तोडलं नाही, दार वाजवलं नाही.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे व्यवहाराचा नंबर विचारला, वेळ विचारली, कोणत्या बँकेतून कोणत्या बँकेत. मी वेळ सांगितली तेव्हा ती क्षणभर थांबली. शुक्रवार संध्याकाळ ते मंगळवार दुपार. ज्या यंत्रणेवर सगळं अवलंबून आहे ती तासांत मोजते. पैसा पहिल्या खात्यात पडून असेपर्यंत तो अडवता येतो. एका खात्यातून पाचात, पाचातून वीसात गेला की मागं मागं धावणं उरतं. माझे 41 हजार कुठंतरी सापडून गोठवले गेले. बाकीचे एटीएममधून निघालेही होते.

बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि जे सांगितलं ते चुकीचं नव्हतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक होतं, त्यात खातेदाराला संरक्षण होतं. तुमचीही चूक नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी परस्पर पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही येत नाही. पण ते परस्पर काढलेल्या पैशांसाठी. इथं खातं मी जोडलं होतं, पासवर्ड मी घातला होता, ओटीपी मी टाकला होता. माझ्या हातानं. आणि खात्याचं नाव? मी विचारलं की मी तर फर्मचं नाव लिहिलं होतं, पलीकडं कुणा भलत्याचंच खातं निघालं, मग पैसे जमा कसे झाले? ते म्हणाले, जमा होताना खाते क्रमांक बघतात, नाव जुळवत नाहीत. एवढी वर्षं मी नाव काळजीपूर्वक लिहीत आलो होतो, स्पेलिंग चुकू नये म्हणून दोनदा वाचत. आता 1 एप्रिल 2025 पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी समोरच्या खात्याचं खरं नाव बघण्याची सोय आली आहे. पहिल्यांदा मी ते नाव पडद्यावर उमटलेलं बघितलं तेव्हा दुकानात कुणी नव्हतं ते बरं झालं. दीड वर्ष आधी हे असतं तर, एवढंच मनात आलं आणि डोळे भरले.

आप्पांना सांगायला मला चार दिवस लागले.

ते आरामखुर्चीत बसले होते, संध्याकाळच्या बातम्या चालू होत्या. मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि सगळं सांगितलं. रकमेवर ते काही बोलले नाहीत. विचारलं फक्त, "फोन का नाही केलास?" मी म्हटलं, "भीड वाटली." त्यांनी ते वाक्य उच्चारलं नाही. आतल्या खोलीत गेले आणि त्यांची डायरी घेऊन आले, 2019 च्या महापुरात भिजलेली, पानं फुगून लाटांसारखी झालेली. त्या पुरात आमच्या खतावण्या गेल्या, चोपड्यांचा लगदा झाला, आणि त्यानंतरच हिशोब कॉम्प्युटरवर आला. ही एक डायरी आप्पांनी पंख्याखाली एकेक पान सुकवून वाचवली होती. शाई पसरलेली, पण नंबर वाचता येत होते. अलीगढ, राजकोट, जामनगर, मुंबईतले लोहार चाळीतले व्यापारी. "इथले नंबर लाव," ते म्हणाले. "समोरचा कागदावर देईल तो नको."

तेव्हा मला वाटलं, त्यात काय एवढं. नंतर विचार करता करता लक्षात आलं की सगळं मर्म तिथंच आहे. समजा मी भीड बाजूला ठेवली असती आणि त्या ईमेलच्या खाली दिलेल्या नंबरवर फोन केला असता, तर तो कुणी उचलला असता? ज्यानं ईमेल लिहिली त्यानंच. गोड आवाजात म्हणाला असता, हो, तेच खातं. मी विचारून, खात्री करून, समाधानानं फसलो असतो. विचारणं पुरत नाही. आजोबा रुपया आपल्या दगडावर वाजवायचे. गिऱ्हाईक म्हणालं, मी घरी वाजवून आणलाय, तर ते ऐकत नसत.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर 2018 च्या ऑगस्टमध्ये जो दरोडा पडला, तो मला तेव्हा नीट समजला नव्हता. पेपरात आकडे वाचले होते. सगळे मिळून साधारण 94 कोटी, त्यातले बहुतेक 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत निघालेले, काही आमच्या शेजारच्या कोल्हापुरातूनही, आणि उरलेले 13 कोटी 92 लाख दोन दिवसांनी हाँगकाँगच्या खात्यात. दुकानात आठवडाभर तेवढाच विषय. शंभर वर्षांहून जुनी बँक, तिची ही गत, तर आपलं काय, असं जो तो म्हणायचा. खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही, पैसे बँकेचे गेले. पण चोरांनी केलं काय, ते मला माझे पैसे गेल्यावर कळलं. एटीएममध्ये कार्ड घातलं की ते यंत्र बँकेला विचारतं, ह्याला पैसे देऊ का? चोरांनी मध्येच एक खोटा दरवान उभा केला. यंत्र विचारत होतं, रीतसर विचारत होतं, आणि तो दरवान प्रत्येक वेळी म्हणत होता, दे. खऱ्या बँकेपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. एवढ्या मोठ्या दरोड्यात आणि माझ्या पावणेतीन लाखांत मला आता एकच गोष्ट दिसते. प्रश्न विचारला गेला, की उत्तर देणाऱ्याच्या जागी चोर बसलेला.

सरांनी माझ्यासमोर धरलेला पडदा हाही त्यांचा दगड आहे, माझा नाही. हे मी त्यांना कसं सांगणार होतो? मागच्या वर्षी एका तरुण मुलानं असाच पडदा दाखवला होता. ड्रिल मशीन आणि दोन ब्रश, 6,200 रुपये. हिरवी खूण, आमचं नाव, टिंग असा आवाजसुद्धा त्याच्याच फोनमधून. दिवाळीची गर्दी होती, दुकानात कामाला असलेल्या आमच्या पोरानं माल दिला. रात्री मेळ बसेना. असे पडदे हुबेहूब बनवणारी खोटी ॲप मिळतात हे तेव्हा कळलं. पोरगा रडवेला झाला होता, पगारातून कापा म्हणाला. कापले नाहीत. त्या रात्री नियम केला की बॉक्स बोलल्याशिवाय किंवा आपल्या फोनवर नोंद दिसल्याशिवाय माल काउंटर ओलांडणार नाही. कुणाचाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचाही. नियम पोरासाठी होता खरं तर. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं की त्याला भीड पडते, वय वीस आहे त्याचं. आता तो म्हणू शकतो, मालकांचा नियम आहे. नियमाच्या मागं उभं राहता येतं.

दुकान उघडल्यावर बायको आधी देवाला उदबत्ती लावते, मग काचेखालचा क्यूआर कोड स्वतःच्या फोननं स्कॅन करून आपलंच नाव येतं का बघते. खजुराहोत 2025 च्या जानेवारीत रातोरात दुकानांचे स्टिकर बदलले होते, गिऱ्हाईकं पैसे देत होती आणि ते भलत्याच्या खात्यात जात होते. तेव्हापासून हा तिचा नेम. क्यूआरचं खातं वेगळं केलं, रोज रात्री त्यातली रक्कम मुख्य खात्यात वळवते. मोठं पेमेंट मी भरतो आणि ती सोडते, एकट्याच्या हातात काही ठेवलं नाही. बँकेचं सिम एका साध्या फोनमध्ये घातलं, त्यावर व्हॉट्सॲप नाही, त्यामुळे लग्नपत्रिका म्हणून येणारी आणि फोनमध्ये चोर ॲप घुसवणारी ती एपीके फाइल त्यावर उघडायचा प्रश्नच नाही. आणि पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे पोराला मी इतक्यांदा सांगितलंय की तो आता आपल्या आईला सांगतो.

तरीही दगड सगळं सांगत नाही. माझे ते गोठवलेले 41 हजार कुठं सापडले, हे पोलीस ठाण्यात कळलं. दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या मोबाईलच्या दुकानाच्या खात्यात. म्हणजे कुणीतरी माझ्या पैशानं तिथून मोबाईल घेतला होता. त्या दुकानदाराचाही बॉक्स बोलला असेल. त्यानं आपल्या फोनवर नोंद बघितली असेल, पैसे खरे होते, खणखणीत वाजले होते, आणि त्यानं बिनघोर माल दिला असेल. मग एके सकाळी त्याच्या खात्यावर टाच आली. त्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा हप्ता चुकला असेल, पोराची फी राहिली असेल. आमच्या ओळीतल्या एका मोबाईलवाल्यावर अगदी अशीच वेळ आली होती, तीन महिने तो पोलीस आणि बँक ह्यांच्यामध्ये हेलपाटे घालत होता, आणि त्याच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं बोलणारा मी होतो. आणि इथं माझ्याच तक्रारीनं एक अनोळखी माणूस तसाच अडकला होता. मला ते पैसे हवे होते. फार हवे होते. कोर्टाचा आदेश होऊन ते आले तेव्हा मी देवापुढं पेढे ठेवले, आणि त्या माणसाचं नुकसान कोण भरून देणार हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ह्यावर मला उत्तर सापडलेलं नाही.

सर तीन आठवडे आले नाहीत. एकदा समोरच्या फुटपाथनं जाताना दिसले, छत्री खाली धरलेली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि गिऱ्हाईक आलं. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "घरी जाऊन ये." मी जाईन जाईन म्हणत राहिलो. जाऊन बोलायचं काय, हेच ठरत नव्हतं. माफी मागायची तर कशाची? नियम समजावायचा तर कुणाला, ज्यांनी मला पडताळा घ्यायला शिकवलं त्यांना? भागाकार झाला की गुणून बघ, हे सरांचंच. उत्तर बरोबर आलंय असं छातीठोक सांगितलं तरी ते म्हणायचे, असेल, पण गुणून बघ.

गणपती बसायच्या दोन दिवस आधी ते आले. सोसायटीच्या मंडपासाठी कुलूप हवं होतं. मी तीन-चार काढून पुढं ठेवली. त्यांनी एक पितळी निवडलं, साडेसहाशेचं. मोबाईल खिशातून काढला नाही. पाकिटातून दोन नोटा काढल्या, पाचशेची आणि दोनशेची, काउंटरवर ठेवल्या आणि सवयीनं म्हणाले, "मोजून घे." मी घेतल्या, आणि हातानं सवयीनं जे केलं ते करून झाल्यावरच माझ्या लक्षात आलं. पाचशेची नोट मी ट्यूबलाइटसमोर धरून बघितली होती. गांधीजी दिसले, तार दिसली. सरांकडं बघायचा मला धीर होईना. बघितलं तेव्हा ते माझ्याकडं बघत नव्हते. नोट उजेडात धरणं त्यांना दिसलंच नव्हतं, कारण ते बघण्यासारखं काही नसतंच.

मी पन्नास रुपये परत दिले. त्यांनी ते मोजले, एकच नोट होती तरी. मग कुलूप उचललं, दाबून बंद केलं, पहिली किल्ली घालून उघडलं. पुन्हा बंद केलं. दुसरी किल्ली घातली. पुन्हा बंद केलं. तिसरी जरा अडली, तर त्यांनी ती काढून पुसली आणि पुन्हा फिरवली.